‘मानभावी’ या शब्दाविषयी दत्तभक्तांशी चार शब्द

सद्भक्तहो, मार्गशीर्ष पौर्णिमा आली की आपल्या जुन्या शहराला वेगळेच रूप येते. पहाटे मोर्णेवरून गार वारा सुटलेला असतो. घरोघरी गुरुचरित्राचा सप्ताह चाललेला असतो. सायंकाळी पाळणा हलला, सुंठवडा वाटला, की मंडळी ओट्यावर टेकतात. मग गोष्टी निघतात. कोणाच्या सोयरिकीच्या, कोणाच्या शेताच्या, कोणाच्या व्यवहाराच्या. आणि या गोष्टींत एक शब्द हमखास कानावर येतो. ‘‘लय मानभावी हाये तो! तोंडावर गोड गोड बोलते अन् मागून गळा कापते.’’

आज या एका शब्दाचाच विचार करायचा आहे. दत्तजयंतीच्या अंकात हे कुठले व्याकरण काढले, असे कोणी म्हणेल. पण हा विषय व्याकरणाचा नाही. हा शब्द दत्तप्रभूंच्या दारापर्यंत जातो. कसा, ते सांगतो.

मानभावी म्हणजे काय, असे कोणालाही विचारा. ढोंगी, दांभिक, आतून एक आणि बाहेरून एक, नम्रतेचा आव आणणारा, असे उत्तर मिळेल. मराठी कोशांतही हा अर्थ जाऊन बसला आहे. शब्द दिसतो असा, की जणू ‘मान’ आणि ‘भाव’ हे दोन शब्द जोडून तो झाला असावा. पण तसे नाही. हा शब्द ‘महानुभाव’ या शब्दाचा अपभ्रंश आहे. महानुभाव, त्याचे बोलीत झाले मानभाव, आणि मानभावावरून मानभावी. संस्कृत नाटकांत एखाद्या थोर पुरुषाला आदराने हाक मारायची असली, तर ‘महानुभाव’ म्हणतात. तोच आदराचा शब्द मराठीत घसरत घसरत शिवी होऊन बसला. आणि घसरला तो एकटा नाही. आपल्याबरोबर माणसांचा एक संपूर्ण पंथ घेऊन घसरला.

हे महानुभाव कोण? ते कुठले परके नव्हेत. ते आपल्या वऱ्हाडचेच. अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात रिद्धपूर नावाचे गाव आहे. तेराव्या शतकात तिथे श्रीगोविंदप्रभू होऊन गेले. लोक त्यांना वेडे समजत. ते कोणाच्याही घरी जात, कोणाच्याही हातचे खात, लहान मुलांत मूल होत. त्यांच्यापासून ज्यांनी ज्ञानशक्ती स्वीकारली ते श्रीचक्रधर स्वामी. मूळचे गुजरातेतल्या भडोचचे. राजवैभवातला हा पुरुष सर्व सोडून इकडे आला आणि मराठी मुलखातून पायी फिरला. त्यांनी ब्राह्मणाला उपदेश केला तसाच शूद्रालाही केला. पुरुषाला संन्यास दिला तसा स्त्रीलाही दिला. आणि हे सर्व कोणत्या भाषेत? म्हाताऱ्या बायाबापड्यांना समजेल अशा मराठीत. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी गोळा केल्या, तो ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ इ. स. १२७८ च्या सुमाराचा. मराठीतला आद्य गद्यग्रंथ म्हणून त्याचे नाव घेतात. मराठीची आद्य कवयित्री म्हणून जिचे नाव घेतात, ती महदंबाही याच पंथातली.

आता ऐका, दत्तभक्तांनी कान देऊन ऐकावे असे पुढे आहे. महानुभाव पंथात पाच अवतार मानतात, त्यांना पंचकृष्ण म्हणतात. श्रीकृष्ण, श्रीदत्तात्रेय, श्रीचक्रपाणी, श्रीगोविंदप्रभू आणि श्रीचक्रधर. म्हणजे ज्यांच्या नावावरून आपण ढोंग्याला नाव ठेवतो, त्यांच्या परमपूज्य पाचांत आपले दत्तप्रभू आहेत! आपण त्यांना त्रिमूर्ती म्हणून, तीन शिरे सहा हात अशा रूपात भजतो. ते त्यांना एकमुखी, प्रत्यक्ष परमेश्वराचा अवतार म्हणून भजतात. पण माहूरचा डोंगर आपणही चढतो आणि तेही चढतात. माहूरचे देवदेवेश्वर त्यांचे मोठे स्थान. बीड जिल्ह्यात गोदावरीच्या काठी पांचाळेश्वराचे आत्मतीर्थ, तेही दत्तप्रभूंचेच. त्यांच्या परंपरेत कथा आहे, की माहूरला श्रीदत्तात्रेय प्रभूंनी वाघाचे रूप घेतले, चक्रपाणींच्या मस्तकावर पंजा ठेवला आणि शक्ती दिली. चक्रपाणींकडून ती गोविंदप्रभूंकडे आली, गोविंदप्रभूंकडून चक्रधरांकडे. मग सांगा, ही गुरुपरंपरा कोणापासून आली? आपल्याच दत्तापासून.

एका बाजूला कारंजा, जिथे श्रीनृसिंह सरस्वतींनी जन्म घेतला. दुसऱ्या बाजूला रिद्धपूर. पलीकडे माहूर. हा सगळा दत्ताच्या पायधुळीचा मुलूख. या मुलखात राहणाऱ्याने दत्तापुढे हात जोडायचे, आणि पायऱ्या उतरून ओट्यावर बसले की दुसऱ्या दत्तभक्तांचे नाव शिवी म्हणून वापरायचे, याला काय म्हणावे? ढोंग कशाला म्हणतात ते शिकवायला याहून दुसरे उदाहरण नको.

कोणी विचारील, की बुवा, धूर आहे तर अग्नी असेल. उगीच कोणाचे नाव बद्दू होते का? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तरही नीट पाहिले पाहिजे.

पहिले कारण त्यांचे वेगळेपण. ते इतर देवदेवतांची उपासना करीत नाहीत, जातीपातीचे सोवळे मानीत नाहीत, त्यांच्यात स्त्रिया संन्यास घेत. त्या काळच्या समाजाला हे पचले नाही. काही संतांच्या नावावर असलेल्या रचनांतही मानभावांवर टीका सापडते. दुसरे कारण त्यांचा वेश. त्यांचे साधू काळसर वस्त्रे नेसत. भगवे पाहायची सवय झालेल्या डोळ्यांना काळे पाहून शंका आली. तिसरे कारण सर्वांत मोठे. आपल्या ग्रंथांत कोणी भेसळ करू नये, म्हणून त्यांनी चौदाव्या शतकापासून ते सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. सकळ लिपी ही त्यांतली मुख्य. ज्याला लिपी ठाऊक त्यालाच पोथी वाचता येई. बाकीच्यांना वाटले, एवढे लपवतात त्या अर्थी यात काहीतरी काळेबेरे असणार. झाकलेल्या भांड्यात काय आहे हे ज्याला दिसत नाही, तो आपल्या मनातलेच त्यात घालतो. शेकडो वर्षे हे असेच चालले.

मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या लिप्यांची किल्ली अभ्यासकांच्या हाती आली. इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारख्यांनी त्या उलगडल्या आणि पोथ्या उजेडात आल्या. काय निघाले आत? कट नाही, कारस्थान नाही. निघाल्या स्वामींच्या आठवणी. स्वामी कुठे बसले, काय जेवले, शिष्याने काय विचारले, स्वामी काय बोलले. एका लीळेत शिकाऱ्यांनी पाठलाग केलेला ससा जीव घेऊन स्वामींच्या आसनाशी येतो आणि त्यांच्या मांडीखाली लपतो. स्वामी त्या शिकाऱ्यांना गोड शब्दांत समजावतात आणि शरण आलेल्या जिवाला सोडवतात. झाकलेल्या भांड्यात हे होते, श्रोतेहो. आणखी एक गोष्ट या ग्रंथात दिसते. एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी मिळाल्या, तर एक दाबून दुसरी पुढे केलेली नाही. दोन्ही लिहिल्या आहेत आणि कोणती कोणाची, तेही नावानिशी नोंदले आहे. ज्यांच्या ग्रंथात इतका प्रामाणिकपणा, त्यांच्या नावाचा अर्थ अप्रामाणिक! याला न्याय म्हणता येईल का?

आपल्याकडे म्हण आहे, ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’. या म्हणीकडे जरा थांबून पाहा. म्हण करणाऱ्याने काय कबूल केले आहे? मानभावाची बोलणी गोड असते, नम्र असते, हे तर तो मान्यच करतो. कारण महानुभाव साधू खरोखरच मृदू बोलत. भेटला की हात जोडून ‘दंडवत प्रणाम’ म्हणत. मुंगीलाही दुखवू नये असा त्यांचा अहिंसेचा नेम. म्हणजे म्हणीच्या पोटात त्यांच्या सद्गुणाची साक्ष आहे. खऱ्या नम्रतेची कोणीतरी नक्कल केली. आपण नकलेला नाव द्यायला गेलो आणि अस्सल माणसाचे नाव तिला देऊन बसलो. खोट्या नाण्यावर टाकसाळीचा छाप असतो. म्हणून काय टाकसाळच खोटी? आणि त्या म्हणीत बिचारा कसाबही सापडला. तो तर आपला धंदा भर बाजारात, सर्वांच्या डोळ्यांदेखत करतो. त्याचे काय ढोंग? एका म्हणीत दोन निरपराध आणि खरा लबाड मोकळाच!

ही गोष्ट आपल्याच भाषेत झाली असे नाही. ख्रिस्ती शास्त्रात परूशी नावाच्या यहुदी पंथावर टीका आहे. त्यावरून युरोपातल्या भाषांत परूशी म्हणजे ढोंगी असा अर्थ झाला. जेसुइट पाद्र्यांच्या नावावरून इंग्रजीत कावेबाजपणाला शब्द झाला. फार कशाला, आपला ‘पाखंडी’ हा शब्द घ्या. त्याचे जुने रूप ‘पाषंड’. सम्राट अशोकाच्या काळी पाषंड म्हणजे नुसता धर्मपंथ, कोणताही. त्यात निंदा नव्हती.

आणि हे कुठे कोरले आहे ठाऊक आहे? गिरनारला. आपण गिरनारला दत्तपादुकांच्या दर्शनाला जातो, हजारो पायऱ्या चढतो. जुनागढहून तळेटीकडे जाताना वाटेवरच अशोकाचा शिलालेख असलेला तो मोठा खडक आहे. त्यावर चौदा लेख आहेत. बाराव्या लेखात राजा सांगतो, की सर्व पंथांचा आदर करा, वाणीवर संयम ठेवा, आपल्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा उगीच करू नका. जो असे करतो तो आपल्याच पंथाचे नुकसान करतो. दत्तशिखराच्या पायथ्याशी सव्वादोन हजार वर्षे हा उपदेश उभा आहे आणि आपण त्याच्या शेजारून वर चढतो. वर जाऊन दत्ताला काय मागायचे ते मागावे, पण खालचा खडक काय सांगतो तेही घेऊन यावे.

मग कोणी म्हणेल, ठीक आहे महाराज, पण जगात ढोंगी लोक तर आहेतच. त्यांना काही म्हणायचेच नाही काय? म्हणा ना! जरूर म्हणा. मराठी भाषा काय शब्दांना महाग आहे? ढोंगी म्हणा, दांभिक म्हणा, लबाड म्हणा. देवाच्या नावावर पैसे उकळणाऱ्याला भोंदू म्हणा. या शब्दांत आणि त्या शब्दात फरक एवढाच, की हे शब्द माणसाच्या करणीला चिकटतात. ज्याने ढोंग केले तो ढोंगी. ज्याने दंभ केला तो दांभिक. पण मानभावी हा शब्द करणीला चिकटत नाही, तो दुसऱ्याच कोणाच्या कुळाला आणि पंथाला जाऊन चिकटतो. शब्द कर्माला लागावा, कुळाला लागू नये. एवढी एक कसोटी धरली तरी पुष्कळ वाणी शुद्ध होते. बगळाभगत हा शब्ददेखील तसा बगळ्यावर अन्यायच आहे. तो बिचारा पोटासाठी पाण्यात उभा असतो. पण निदान बगळ्याची पोरे शाळेत जात नाहीत, त्यांना कोणी चिडवत नाही. महानुभावांची लेकरे शाळेत जातात. वर्गात मास्तरांनी ‘मानभावी म्हणजे ढोंगी’ असा अर्थ फळ्यावर लिहिला, तर त्या लेकराने घरी जाऊन आजीला काय विचारावे?

आणखी एक सावधगिरी. दुसऱ्याला ढोंगी म्हणणारा नेहमी खराच असतो असे नाही. महाभारतात उद्योगपर्वात कथा आहे. युद्ध तोंडावर आले असताना दुर्योधनाने उलूकाबरोबर पांडवांना निरोप पाठवला. त्यात त्याने धर्मराजाला एका मांजराची गोष्ट ऐकवली. मांजर गंगेच्या काठी हात वर करून तप करू लागले. उंदरांना वाटले, मोठे साधू झाले. ते विश्वासाने जवळ आले आणि मांजर रोज त्यांतले खाऊ लागले. तू त्या मांजरासारखा आहेस, असे दुर्योधन धर्मराजाला म्हणतो! लाक्षागृह कोणी रचले? द्यूताचा डाव कोणी मांडला? आणि ढोंगी कोणाला म्हटले? गोष्ट खरी, उपमा चोख, पण लावली भलत्याच्या कपाळी. म्हणून एखाद्यावर असा शब्द टाकण्याआधी पाहावे, की टाकणारा कोण आहे.

आणि खरा दांभिक समोर आलाच, तर संत त्याच्याशी कसे वागतात? आपल्या भागातली, सर्वांना पाठ असलेली गोष्ट घ्या. श्रीगजानन महाराज शेगावी कृष्णाजी पाटलाच्या मळ्यात असताना ब्रह्मगिरी नावाचे गोसावी शिष्यांसह आले. त्यांनी गीतेतला आत्मा जळत नाही हा विषय घेऊन मोठे प्रवचन केले. तेवढ्यात महाराज बसले होते त्या पलंगाने पेट घेतला. महाराज ज्वाळांत शांत बसून राहिले आणि म्हणाले, या, बसा इथे. ब्रह्मगिरींची पाचावर धारण बसली. त्यांचा ताठा गळाला, ते शरण आले. महाराजांनी त्यांना उपदेश केला आणि जाऊ दिले. गोसाव्यांच्या जातीला, पंथाला महाराज एक शब्द बोलले नाहीत. रोग त्या एका माणसाच्या मनात होता, औषधही तेवढेच दिले.

श्रोतेहो, दत्तसंप्रदायाचे तर हे मर्मच आहे. आपले दैवत वेश पालटून येणारे. अनसूयामातेच्या दारी तिन्ही देव अतिथी होऊन आले, तिथूनच ही कथा सुरू होते. देवगिरीवर जनार्दनस्वामींना भेटायला दत्तप्रभू मलंग फकिराच्या वेशात आले आणि बाळ एकनाथांना ते आधी ओळखू आले नाहीत. नाथांसारख्यांना जे ओळखता आले नाही, ते आपल्याला नुसते वस्त्राचा रंग पाहून ओळखू येईल काय? भगव्यात कोण आणि काळ्यात कोण, हे दत्तच जाणे. मात्र एक खूण ध्यानात धरण्यासारखी आहे. दत्त वेश घेतात तो आपले थोरपण लपवण्यासाठी. भोंदू वेश घेतो तो नसलेले थोरपण दाखवण्यासाठी. एक देऊन जातो, एक घेऊन जातो. दारी आलेल्याला मूठभर पीठ, भाकरीचा तुकडा देताना विचार करू नये. पण कोणी भीती घालून, दागिने काढायला सांगून, घरच्यांपासून लपवायला सांगून काही मागू लागला, तर खुशाल दार लावावे. त्यात दत्ताचा अपमान होत नाही.

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगितली आहेत. त्यांत पहिले अमानित्व आणि त्याच्या पाठोपाठ अदंभित्व. सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्ती मोजायला घेतली, तेव्हा सुरुवातच दंभापासून केली. म्हणजे दंभ सोडणे ही ज्ञानाची जवळजवळ पहिली पायरी. पण ही लक्षणे आपल्या अंगी आहेत की नाहीत हे तपासण्यासाठी सांगितली आहेत, शेजाऱ्याला मोजण्यासाठी नाही. आरसा आपल्याकडे धरायचा असतो.

आज रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण सर्वांनी आनंद केला. मराठीचे जुनेपण सांगताना लीळाचरित्राचे नाव सर्वांत आधी घेतले जाते. पंजाबात, पार पेशावर-काबूलपर्यंत हा पंथ गेला, तिथल्या भक्तांनी मराठी ही धर्माची भाषा म्हणून जपली. ज्यांनी मराठीला एवढे दिले त्यांना मराठीने परत काय दिले? एक शिवी. हे ऋण उलटे फिटले आहे, ते सुलटे करणे आपल्या हातात आहे. त्याला पैसा लागत नाही, समिती लागत नाही, ठराव लागत नाही.

तेव्हा या दत्तजयंतीला प्रत्येक घराने एक छोटासा नेम घ्यावा. सप्ताह करतो, उपवास करतो, पादुकांना अभिषेक करतो, त्यांतच हा एक. आजपासून आमच्या घरात मानभावी हा शब्द शिवी म्हणून उच्चारणार नाही. कोणी नातवाने विचारले, आबा, हा शब्द का नाही म्हणायचा, तर त्याला जवळ बसवून रिद्धपूरची गोष्ट सांगावी. सशाची गोष्ट सांगावी, लेकरांना ती आवडते. आणि महानुभाव पंथाचे कोणी गृहस्थ वाटेत भेटले, तर आपणच आधी हात जोडून म्हणावे, ‘दंडवत’. ते आपल्याच गुरुघरचे आहेत.

जिभेवर दत्तनाम ठेवायचे, तर जीभ आधी धुवून घ्यावी. सप्ताहाचे खरे पारणे ते.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!